बाईंच्या पर्समधला चाकू



या आठवड्याच्या पत्रांत एक पत्र चौकटीच्या वहीच्या कागदावर लिहिलेलं होतं. सातवीतल्या मुलाचं. तो लिहितो, “बाई, मी २६० रुपये साठवले आहेत. मला खिशात ठेवायला एक छोटा घडीचा चाकू घ्यायचा आहे. आई म्हणते, मुळीच नाही. बाबा म्हणतात, बाईंना विचार, त्या सांगतील तसं करू. कोणता घेऊ?” आणि खाली ता. क. : “मुठीवर माझं नाव कोरलं तर चालेल का?”

बाबा भलतेच हुशार निघाले हं! भांडण आई-मुलाचं आणि निकाल द्यायचा बाईंनी!

ते पत्र मी चार दिवस टेबलावर तसंच ठेवलं. ‘चाकू वाईट, त्यापासून लांब राहा’ असं एका ओळीत उत्तर देता आलं असतं. पण ते खरं झालं नसतं. कारण २०१४ सालापासून माझ्या स्वतःच्या पर्समध्ये एक घडीचा चाकू आहे. आणि माझ्या उजव्या हाताच्या तर्जनीवर, पहिल्या पेराशी, एक पांढरी रेघ आहे. ती त्याच्याही आधीची.

ती रेघ कशी आली ते आधी सांगते.

साल २०००. मी पाचवीत होते. आमच्या गावची जत्रा म्हणजे खाजं, फुगे, पिपाण्या आणि रात्रभर दशावतार. आईने बांगड्या घ्यायला वीस रुपये दिले होते. बांगड्यांच्या दुकानाशेजारीच एकजण चादर पसरून बसला होता. त्याच्याकडे मासोळीच्या आकाराचे पितळी रंगाचे चाकू होते. शेपटीत कडी, अंगावर खवले आणि पोटात लपलेलं पातं! किंमत बारा रुपये. मी बांगड्या घेतल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी परसात बसून मी नारळाच्या करवंटीला भोक पाडायला घेतलं. तराजू करायचा होता. चाकूचं टोक करवंटीवर टेकवलं आणि जोर लावला. टोक घसरलं आणि पातं खाडकन मिटलं. मध्ये होतं माझं बोट.

रडले नाही, कारण रडले असते तर चाकू जप्त झाला असता. हळद दाबली, फडकं बांधलं आणि ‘दारात सापडलं’ म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी बोट भेंडीसारखं सुजलं. पेन्सिल धरता येईना. आजोबांनी ते बरोबर हेरलं. “गो बाय, हात दाखय बघूया.” मग सरकारी दवाखाना, धनुर्वाताचं इंजेक्शन आणि आईचा ओरडा, सगळं रांगेने झालं. आजोबा मात्र रागावले नाहीत. त्यांनी ती मासोळी उलटसुलट करून पाहिली, पातं दोन बोटांत धरून हलवलं आणि म्हणाले, “हो चाकू न्हय गो, पत्रो आसा.”

हा चाकू नव्हे, पत्रा आहे!

त्या एका वाक्यात चाकू निवडायचं अर्धं शास्त्र होतं, हे मला फार उशिरा कळलं.

घडीच्या चाकूचं पातं एका खिळ्याभोवती फिरतं, हे तुम्ही पाहिलंच असेल. पण उघडल्यावर ते उभं कसं राहतं? नीट बनवलेल्या साध्या चाकूच्या मुठीच्या पाठीत एक पोलादी पट्टी असते. ती स्प्रिंगचं काम करते. पातं उघडलं की पट्टी त्याच्या बुडाशी घट्ट टेकते आणि ‘खट्’ असा आवाज येतो. बंद करतानाही पातं शेवटी आपणहून आत ओढलं जातं. पण हे नुसतं दाबून धरणं आहे, कुलूप नव्हे. धार खाली दाबून पेरू कापला, तर आपला जोर पात्याला उघडण्याच्या बाजूलाच ढकलतो, म्हणून काही होत नाही. टोक खुपसलं किंवा पात्याच्या पाठीवर दाब पडला, की तोच जोर पातं मिटवतो. माझ्या मासोळीत तर ती पट्टीही नव्हती. पत्र्याची दोन टरफलं आणि मध्ये सैल पातं. करवंटीला भोक पाडणं हे मुळात घडीच्या चाकूचं कामच नाही. ते खिळ्याचं आणि हातोडीचं काम.

काही चाकूंना खरोखरीचं कुलूप असतं. एका प्रकारात मुठीच्या आतली पत्र्याची जीभ सरकून पात्यामागे उभी राहते. ती बोटाने बाजूला केल्याशिवाय पातं मिटत नाही. दुसऱ्यात मुठीच्या तोंडाशी एक कडं असतं, ते फिरवलं की पातं अडकतं. लहान हातांसाठी मला हे कड्याचं कुलूप जास्त आवडतं, कारण ते लागलंय की नाही हे डोळ्यांना दिसतं. पण कुलूप आहे म्हणून करवंटी भोसकायला जाल तर माझ्यासारखी रेघ तुमच्याही बोटावर उमटेल. आणि हो, जिभेचं कुलूप काढताना अंगठा पात्याच्या वाटेत येतो. तो आधी बाजूला घ्यायचा आणि मगच पातं मिटवायचं.

आता सांगा, आपल्याला दिवसभरात कापायचं तरी काय असतं? सुतळी, पार्सलची चिकटपट्टी, पुठ्ठा, पेरू, कैरी, शिसपेन्सिल. यासाठी तुमच्या तर्जनीएवढं पातं खूप झालं. सहा-सात सेंटिमीटर. मिटलेला चाकू मुठीत मावला पाहिजे आणि उघडल्यावर मुठीवर चारही बोटं बसली पाहिजेत. ‘सतरा हत्यारांचा एकच चाकू’ दुकानात फार छान दिसतो, पण स्वस्तातल्या अशा चाकूत एकही हत्यार धड नसतं. नेलकटरला जोडलेलं इवलंसं पातं तर पाकीट फोडण्यापलीकडे न्यायचंच नाही. त्याला धरायला मूठच नसते.

गंमत म्हणजे खिशातला चाकू मुळात विद्यार्थ्यांच्या आणि कारकुनांच्याच कामाचा! आपल्याकडे बोरूने लिहीत, तेव्हा बोरूचं टोक तासायला छोटा चाकू लागे. इंग्रजीत या चाकूला ‘पेननाइफ’ म्हणतात ते त्यामुळेच. तिकडे लेखणी पिसाची असायची आणि ती तासायला हा चाकू. लेखणी गेली, नाव राहिलं.

दुकानात गेलात की चाकू मिटलेला असतानाच आधी प्रकाशात धरा. धार मुठीत पूर्ण बुडालेली हवी. टोक जराही बाहेर दिसलं तर तो चाकू परत द्या, मग तो कितीही चकचकीत असो. मग बरोबरच्या मोठ्या माणसाला तो दोन्ही हातांनी उघडायला सांगा. नखाची खाच असावी, पण नख मोडेल इतका कडकपणा नको. उघडलेलं पातं डावी-उजवीकडे हलवून पाहायचं. खुळखुळलं तर तो पत्रा! दुकानदार ‘वापरून वापरून घट्ट होईल’ म्हणाला तर हसून पुढे चला. सैल खिळा वापरून घट्ट झाल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मुठीला धारदार कडा नकोत आणि ती फार गुळगुळीतही नको, कारण कैरी कापताना हात ओले असतात.

कैरीवरून पात्याचं आठवलं. माझ्या आजोबांचा चाकू साध्या पोलादाचा होता. कैरी किंवा कोकम कापलं की पातं काळंनिळं पडायचं, कारण फळातलं आम्ल लोखंडाशी खेळतं. पावसाळ्यात एक रात्र ओला राहिला तर गंज चढलाच. स्टेनलेस पोलादात क्रोमियम मिसळलेलं असतं. त्याचा डोळ्यांना न दिसणारा पातळ थर पात्यावर तयार होतो आणि गंजाला अडवतो. साध्या पोलादाला धार पटकन लागते, हे खरं. पण आमच्या कोकणच्या हवेत आणि तुमच्या विसरभोळेपणात स्टेनलेसच बरं! (हे मी माझ्याही विसरभोळेपणाबद्दल बोलतेय.)

दोन परदेशी चाकूंची नावं तुम्ही ऐकली असतील. एक लाल मुठीचा, स्वित्झर्लंडचा. कार्ल एल्सेनर नावाच्या कारागिराने १८८४ मध्ये ईबाख या गावी चाकूंचा कारखाना काढला आणि १८९१ मध्ये स्विस सैन्याला शिपायांचे चाकू दिले. त्याची आई व्हिक्टोरिया १९०९ मध्ये वारली, तेव्हा त्याने चाकूला तिचं नाव दिलं. पुढे १९२१ मध्ये स्टेनलेस पोलादाचा ‘इनॉक्स’ हा शब्द त्याला जोडला गेला आणि झालं ‘व्हिक्टोरिनॉक्स’. जगभरच्या खिशांत एका आईचं नाव! त्यांचा सगळ्यात लहानांपैकी एक चाकू मिटल्यावर अवघा ५८ मिलिमीटरचा असतो. त्यात छोटं पातं, कात्री आणि कानस असते. मोठ्यांच्या किल्ल्यांच्या जुडग्यात तो सहज राहतो.

दुसरा फ्रान्सच्या सॅव्हॉय भागातला, लाकडी मुठीचा ओपिनेल. जोसेफ ओपिनेलने १८९० मध्ये, अठराव्या वर्षी, तो बनवला. १८९७ मध्ये त्याने १ ते १२ अशा क्रमांकांचे लहानमोठे चाकू काढले. मघाशी सांगितलेलं कड्याचं कुलूप त्याला १९५५ मध्ये आलं. मुलांसाठी त्यांचा एक खास चाकू मिळतो. त्याचं टोक गोल असतं. लाकडी मुठीची एक खोड मात्र आहे. पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं उघडता उघडत नाही. ते ओढाताण न करता वाळू द्यायचं.

हे दोन्ही आपल्याकडे हजाराच्या पुढेच पडतात. म्हणजे आपल्या पत्रलेखकाच्या २६० रुपयांत बसत नाहीत. बसायलाच पाहिजेत असंही नाही. माझा चाकू मी शेतीच्या अवजारांच्या दुकानातून १८० रुपयांना घेतला. लाकडी मूठ, एकच पातं. मुठीवर ना चित्र, ना नाव. आणि टोक गोल करायची युक्ती तर आपल्या दारात येते. सायकलवर चाक फिरवत धार लावणारे काका येतात ना, त्यांना सांगितलं तर ते मिनिटभरात टोक घासून गोल करून देतात. पेरू कापायला टोक लागतच नाही. लहानपणी माझ्या मासोळीचं टोक कुणी घासलं असतं तर मी करवंटीच्या वाटेलाच गेले नसते!

खटका दाबला की आपोआप उघडणारा चाकू मात्र घ्यायचा नाही. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचा ‘रामपुरी’ जुन्या हिंदी सिनेमांतल्या खलनायकांमुळे सगळ्यांना माहीत झाला. २०२३ मध्ये त्या गावाने चौकात सुमारे २० फूट उंचीचा रामपुरी उभारला, इतकं त्यांना त्या कारागिरीचं कौतुक आहे. कौतुक करावं, फोटो काढावा. पण खटक्याचा चाकू खिशात नको तेव्हा उघडू शकतो आणि बघणाराही घाबरतो.

पालकहो, आता थोडं तुमच्यासाठी. शस्त्रांच्या कायद्याखालच्या (१९५९) नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे, ते घरकामासाठी किंवा शेतीसाठी बनवलेले नसतील तर, शस्त्रांत धरले जातात. आपण बोलतोय तो चाकू त्याच्या जवळपासही जात नाही. पण सणांच्या, निवडणुकांच्या दिवसांत पोलीस मनाईचा आदेश काढतात. त्या आदेशात चाकू बाळगायलाही बंदी असू शकते. अशा दिवसांत तो घरीच बरा. विमानात हातातल्या पिशवीत चाकू चालत नाही, नेलकटरएवढ्या पात्यावरूनही अडवतात. तो सामानाच्या बॅगेत टाकायचा.

आणि शाळेत? शाळेत तर नाहीच नाही. ‘हे तुम्ही म्हणणारच, बाई!’ असं म्हणू नका. त्याचीच तर गोष्ट सांगायची आहे.

मागच्या जुलैत सहावीच्या वर्गात एका मुलाने शेजाऱ्याच्या दप्तरात खोडरबर शोधायला हात घातला आणि हाताला चाकू लागला. मिटलेला होता म्हणून निभावलं. वर्गात एकच गलका झाला. ज्याचं दप्तर, तो मुलगा फारसा बोलत नाही. पाढे विचारले की जमिनीकडे बघतो. कुणी म्हणालं, दाखला हातात द्या. मी त्याला व्हरांड्यात घेऊन विचारलं, “हे काय?”

तो म्हणाला, “कलमांचा आहे, बाई. शाळा सुटल्यावर बाबांकडे नर्सरीत जायचंय.”

“तरी शाळेत का आणलास?”

त्याने माझ्याकडे पाहिलं आणि अगदी साधेपणाने म्हणाला, “तुमच्या पर्समध्ये पण आहे ना, बाई? पोत्याची सुतळी कापताना बघितलाय.”

मला उत्तर सुचलं नाही. खरंच सुचलं नाही. मी मोठी आहे, मी बाई आहे, मी नीट वापरते, हे सगळं ओठांवर आलं आणि तिथेच थांबलं. कारण माझी पर्स तर वर्गातल्या खुर्चीला अडकवलेली असे. त्याच्या दप्तरात जसा कुणाचा हात गेला, तसा माझ्या पर्समध्येही जाऊ शकला असता.

त्याचा चाकू मुख्याध्यापकांच्या कपाटात गेला. मी पर्स उघडून माझाही त्याच्या शेजारी ठेवला. संध्याकाळी त्याचे बाबा आले, आम्ही दोघांनी आपापले चाकू सही करून परत घेतले! तेव्हापासून माझा चाकू शाळेच्या दिवशी घरीच राहतो. पोषण आहाराच्या पोत्यांची सुतळी आता ऑफिसातल्या कात्रीने कापतो.

पुढच्या रविवारी मी त्या नर्सरीत गेले. आंब्याची कोय रुजून आलेलं, पंधरा-वीस दिवसांचं तांबूस पानांचं रोप त्या मुलाने हातात घेतलं. शेंडा एका घावात उडवला, दांड्याला मधोमध उभी चीर दिली. हापूसच्या काडीला दोन्ही बाजूंनी तासून पाचरीसारखं केलं, ती पाचर चिरेत बसवली आणि प्लॅस्टिकची पट्टी गुंडाळली. माझ्या घड्याळात दोन मिनिटंही झाली नव्हती. चाकू प्रत्येक वेळी अंगापासून दूर जात होता आणि पात्याच्या वाटेत दुसऱ्या हाताचं बोट एकदाही आलं नाही. काम झाल्यावर त्याने पातं फडक्याने पुसलं, मिटवलं आणि कुणी न सांगता बाबांच्या हातात दिलं.

त्याच्या बाबांनी मला एक गोष्ट समजावली. बोथट पात्याने साल चेचते आणि चेचलेलं कलम जगत नाही. बोटांचंही तसंच आहे बरं का! बोथट चाकूला जोर जास्त लावावा लागतो, मग तो सटकतो, आणि सटकलेला चाकू कुठे जाईल हे आपल्या हातात राहत नाही. म्हणून धार हवीच. धार लावायचा कोन कसा ओळखायचा? कागदाचा काटकोन घ्या, तो ९० अंशांचा. एकदा दुमडा, ४५. पुन्हा दुमडा, साडेबावीस. साधारण एवढंच तिरपं पातं ओल्या दगडावर धरायचं आणि दोन्ही बाजू सारख्याच वेळा घासायच्या. हे मोठ्यांनी करायचं, कोनाचा कागद तुम्ही धरायचा. धार आली की नाही ते वर्तमानपत्राचा कागद कापून बघायचं, अंगठ्यावर कधीच नाही.

माझी आजी म्हणायची, रिकामी कात्री वाजवली की घरात भांडणं होतात. भांडणाचं मला माहीत नाही. पण टीव्ही बघता बघता चाकू उघड-मीट, उघड-मीट करणाऱ्याचं बोट एक दिवस मध्ये येतंच.

आता आपल्या पत्रलेखकाला थेट उत्तर. मित्रा, तू सातवीत आहेस, तेव्हा तुझ्यासाठी चाकू घ्यायला माझी हरकत नाही. पण दुकानात आईला बरोबर घेऊन जा, बाबांना नको! आई नाही म्हणतेय, तेव्हा पातं हलवून बघायचं काम तिच्याच हातात दे. एकट्या मुलाला चाकू विकणाऱ्या दुकानातून घेऊच नकोस. चाकू घरात आईच्या फडताळात राहील आणि सहा महिने तू तो तिच्यासमोर, बसून, पाटावर वापरशील. खिशात ठेवायचा विचार त्यानंतर, तोही शेतावर किंवा सहलीला कुणी मोठं बरोबर असताना. पत्रात तू खिशाचं विचारलंस आणि मी फडताळाचं सांगतेय, म्हणून रागावू नकोस. तुझ्याहून लहान, चौथीपर्यंतच्या वाचकांनी मात्र अजून थांबायचं आहे. त्यांना शार्पनर पुरे.

दोनशेच्या आत मिळाला तर उरलेल्या पैशांतून धार लावायचा छोटा दगड घे.

आणि नावाचं म्हणशील, तर मूठ लाकडी असेल तर जरूर लिही. फक्त चाकूने कोरू नकोस. बाबांना दाभण तापवायला सांग आणि त्यांच्याकडून अक्षरं डागून घे. आडनावाला जागा उरणार नाही, आधी पेन्सिलने लिहून बघ.

तुमची,
बाई